डाव्या खांद्यावरचे चार टाके

प्रिय खारूताई,

तुझं जाकीट परवा पोचलं. सोबतची चिठ्ठीही मिळाली. चिठ्ठी कसली, हुकूमच तो: फक्त चेन बदला, आत काही उसवू नका, अस्तराला हात लावू नका. तुझ्या आईने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, तीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला लेक शिकवतेय कुठं हात लावायचा ते, एवढंच बघायचं राहिलं होतं. म्हणाली खरी, पण चिठ्ठी घडी करून स्वतःच्या पेटीत ठेवली. चेन मी बदलली आहे. हुकमाचा उरलेला भाग मात्र पाळला गेला नाही. त्याबद्दल सांगायचंच आहे, पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला माहीत आहे.

डोंगरावर गट नेणाऱ्या वाटाड्याची तुझी परीक्षा पुन्हा आठ दिवसांवर आली. आईने कानटोपी दोनदा विणून दोनदा उसवली. आधी घट्ट झाली, मग कान उघडे पडले. इथलं हवामानही तसंच चाललं आहे. सकाळी ऊन इतकं की आमच्या जाकिटांच्या कारखान्याच्या खिडक्यांना पोती लावावी लागतात, दुपारी समोरची टेकडी धुक्यात जाते आणि संध्याकाळी वारा अंगाला सुईसारखा लागतो. पूर्वी मी अशा दिवसांना लहरी म्हणून मोकळा व्हायचो. तू मला शिकवलंस की शरदाला नावं ठेवायची नसतात, त्याच्या सगळ्या तऱ्हांची तयारी पाठीवर घेऊन निघायचं असतं.

आठवतं ना, दोन वर्षांपूर्वी आम्हा दोघांना तू त्या लहान डोंगरावर नेलं होतंस? निघायच्या आदल्या दिवशी आमच्या पिशव्या पलंगावर उपड्या केल्यास. माझा सुती सदरा दोन बोटांत धरून बाजूला टाकलास, ओलं सुती कापड अंगावर मेल्यासारखं पडून राहतं म्हणून. माझी छत्री बघून विचारलंस, बाबा, ही वाऱ्याला बक्षीस द्यायची आहे का? कोरडे मोजे, लोकरीचा बंडी-स्वेटर आणि विजेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिलीस. शिट्टी गळ्यात अडकवलीस. आणि परतायची वेळ निघण्याआधीच कागदावर लिहून आम्हा दोघांच्या सह्या घेतल्यास. ती वेळ झाली तेव्हा माथा जेमतेम दोनशे पावलं राहिला होता. आई म्हणाली, अगं एवढं आलो तर. तू नुसता कागद दाखवलास. खाली येताना आई मला कुजबुजली, ही माझ्यावर गेलेली नाही. मी म्हटलं, माझ्यावर तर मुळीच नाही.

मला त्या वेळी आमचे गुरुजी आठवले. आमची शाळा म्हणजे एक खोली आणि एक फळा. टेकडीपलीकडून येणारी पाच-सहा मुलं होती. गुरुजी शिकवता शिकवता दारात जाऊन आभाळ बघायचे. पश्चिमेला काळं दिसलं की पाढा अर्धवट सोडून त्या मुलांना घरी पिटाळायचे. आम्ही गावातली मुलं त्यांच्यावर जळायचो. कितीदा तरी मागाहून पाऊस पडायचाच नाही, आणि लोक गुरुजींना हसायचे. ते म्हणायचे, हसू देत, पोरं घरी पोचली ना. गुरुजींनी तुला बघायला हवं होतं असं मला फार वाटतं.

मागच्या शरदात तू परीक्षेहून परत आलीस तो दिवस मी विसरलेलो नाही. बूट दाराशी काढलेस आणि उभ्या उभ्या सांगितलंस, नापास झाले. शेरा होता: निर्णय उत्तम, स्वतःची तयारी अपुरी. ज्याने गट न्यायचा तोच भिजलेला. मी विचारलं, जाकीट गळलं का? तू म्हणालीस, गळ्याची चेन उघडी राहिली असेल, माझाच निष्काळजीपणा. मग आईला हाक मारून चहा मागितलास आणि चुलतभावाची कसलीशी गंमत सांगत बसलीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. खरं तर मला तो ठेवायचाच होता. कारण जाकीट मी शिवलेलं होतं.

आता कालची गोष्ट. कारखान्यात एक निवृत्त पोस्टमास्तर पिशवीचा तुटलेला पट्टा घेऊन आले. तुझं नारिंगी जाकीट माझ्या मशीनशेजारी टांगलेलं होतं. ते थबकले आणि म्हणाले, हे त्या पोरीचं तर नव्हे? मी नुसतं म्हटलं, हो, दुरुस्तीला आलंय. मागे आमचा कापड कापणारा, ज्याला आपण सगळे अर्धा इंच म्हणतो, उगाच खोकला. पण मला ऐकायचं होतं, म्हणून बाप असल्याचं बोललो नाही.

मागच्या परीक्षेत तू नेलेल्या गटात पोस्टमास्तर होते. त्यांनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. सकाळचं कडक ऊन, मग अचानक उतरलेला ढग, तुझं घड्याळाकडे बघणं. माथा अर्ध्या तासावर असताना तू सगळ्यांना वळवलंस. एकजण मोठ्याने म्हणाला, पोरगी घाबरली. त्यावर तू म्हणालीस म्हणे, हो, घाबरले, आता तुम्हीही माझ्यामागे घाबरत घाबरत खाली उतरा. हे सांगताना पोस्टमास्तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तुम्ही निम्मी उतरण उतरता तोच गारा सुरू झाल्या. पोस्टमास्तरांचे हात गारठले, तेव्हा तू पिशवीतून तुझा कोरडा स्वेटर काढून त्यांना घातलास. निवाऱ्यात पोचल्यावर परीक्षक बाईंनी एकेकाचे कपडे चाचपले. तुझा डावा खांदा पार कोपरापर्यंत ओला, आणि दात वाजत होते. बाईंनी विचारलं, जाकीट निघण्यापूर्वी तपासलं होतंस? तू म्हणालीस, नाही. पोस्टमास्तर म्हणाले, मला ते खटकलं, कारण आदल्या संध्याकाळी तिला जाकिटावर तांब्याने पाणी ओतताना मी स्वतः पाहिलं होतं. तिच्या घरच्यांना कुणी तरी सांगायला हवं.

मी पट्टा शिवून दिला. टाका दोनदा सुटला. डावा खांदा म्हटल्यावर माझी नजर पट्ट्यावरून सारखी तुझ्या जाकिटाकडे जात होती.

ऐक. आमच्या कारखान्यात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी एकच नियम सांगतात: शिवणीवर आतून पाणी अडवणारी पट्टी चिकटवली की त्या कापडाला पुन्हा सुई लावायची नाही. टाका म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे पाणी. हा नियम किमान पंचवीस जणांना मी स्वतः सांगितला आहे. तुझं जाकीट झालं तेव्हा मी ते आपल्या पद्धतीने तपासलंही होतं. खांदा झोळीसारखा टांगला, मगभर पाणी ओतलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि चहा संपेपर्यंत वाट पाहिली. एक डाग पडला नाही. आणि त्यानंतर, सगळं झाल्यावर, मी एका कागदावर एक शब्द लिहिला, 'सांभाळ', त्याची पुडी केली आणि डाव्या खांद्यात अस्तराच्या आत ठेवली. ती घसरू नये म्हणून बाहेरच्या कापडात चार टाके घातले. चार टाके, आठ भोकं. पुन्हा पाणी ओतून बघायचं सुचलं नाही, कारण आता ते काम मी देवावर सोपवलं होतं. त्याला म्हटलं सांभाळ, आणि त्याच हाताने आठ वाटा पाडून दिल्या. कोरडं जाकीट टांगून केलेली तपासणी वेगळी आणि जड पिशवीचा पट्टा खांद्यावर दाबलेला असताना झोडपणाऱ्या गारा वेगळ्या, म्हणून आदल्या दिवशी तुझ्या तांब्याभर पाण्यालाही ते कळलं नसावं. देवाचा यात काही दोष नाही. मी रोज मशीनला पाय लावण्याआधी हात जोडतो, आणि मग टाका बघतो. त्या एका दिवशी हात जोडले आणि बघितलंच नाही.

आज सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात आलो आणि तुझा हुकूम मोडून अस्तर उसवलं. खालच्या काठाला पोचलो तेव्हाच समजलं. माझा दोरा राखाडी होता, तिथे निळा होता. म्हणजे कुणीतरी आधीच उघडून बंद केलं होतं. खांद्यापाशी माझे टाके नव्हते. आठही भोकांवर आतून रबरी डिंकाचा थर होता, जाड, वेडावाकडा, बोटाने फासलेला. ते बोट ओळखायला मला चष्मा लागत नाही. आणि पुडी जागेवर होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, न टोचता चिकटवलेली. माझी शाई पावसात वाहून गेली होती. पुसट अक्षरांवरून तू पेन फिरवून तोच शब्द पुन्हा लिहिला होतास. कागद उलटला. मागे तुझ्या अक्षरात एकच शब्द होता: 'बाबांनाही.'

म्हणून हे पत्र. तू वर्षभर जाणून होतीस आणि तुझ्या नावावरचा तो शेरा माझ्यासाठी अंगावर घेऊन हिंडलीस. मला हे कळू नये एवढ्यासाठी अस्तराला हात लावू नका म्हणालीस. पण तू पुन्हा त्या डोंगरावर जाशील तेव्हा आपल्या घरात कुणाला तरी खरं माहीत आहे, हे तुला ठाऊक असावं. परीक्षक बाईंच्या नावे मी वेगळं पत्र लिहिलं आहे, चूक कोणाची आणि कशी ते त्यात सगळं आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. ते द्यायचं की नाही हे तू ठरव, गट तुझा आहे. आणि हो, तुझ्या डिंकावर मी एक नाही, तीन मग पाणी ओतलं, वर विटांची पिशवी ठेवून. अर्धा इंच शेजारी उभा होता. त्याचा चहा संपला, माझा संपला, त्याने दुसरा मागवला. असा ओबडधोबड जोड आमच्या दारातून बाहेर पडू दिला नसता, असं तो म्हणाला, आणि मग खाली वाकून वर्तमानपत्रावर तळहात फिरवला. कागद कोरडा होता. मी तिथे नवी पट्टी लावलेली नाही. पुडीही तुझ्यासारखीच ठेवली आहे. या खांद्यावर आता माझ्या हाताचं काहीच नको, तुझं काम पुरेसं आहे.

तुझाच, सुई खाली ठेवून बसलेला,
बाबा