शेवटच्या खुंटीवरची बंडी

४ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही डायरी दिली आणि सांगितलं, छकुली काय खाते, किती झोपते ते रोज लिहीत जा. म्हणून लिहितेय. अक्षर माझं कोंबडीनं उकरल्यासारखं, शाळा सातवीतच सुटली. पण मला वाचता आलं म्हणजे झालं.

छकुली: दूध दोनदा, अर्धं केळं. प्रवासभर झोपली, आता टक्क जागी.

घर छान आहे. फुटबॉल क्लबचंच, मैदानाच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून गोलचा खांब दिसतो. हे तर घर बघायच्या आधी मैदानाला फेरी मारून आले. चिंध्यांच्या चेंडूनं गल्लीत खेळणारा माणूस, आता पगार घेऊन खेळणार! आईला फोन केला तर म्हणाली, जावईबापूंचं नशीब उघडलं. मी म्हटलं, आणि माझं? तर म्हणते, तुझं वेगळं काय असतं का गं?

ह्यांच्या आधी ह्याच जागेवर खेळणारा मुलगा इथेच राहायचा. एकाएकी गावी निघून गेला म्हणे, म्हणून ह्यांना बोलावलं. घाईत गेला असेल. दाराच्या मागे त्याचा टॉवेल तसाच आहे, कपाटात दाढीचं सामानसुद्धा.

६ सप्टेंबर, बुधवार

मलाही काम मिळालं. क्लबच्या धुलाईखोलीत. छकुलीला बरोबर नेलं तरी चालतं, कपड्यांच्या मोठ्या टोपलीत गादी घातली की तिचा पाळणा तयार. तिथे एक मावशी आहेत, जुन्या. बोलायला फटकळ पण छकुलीला बघून पाघळल्या.

काम सोपं आहे. प्रॅक्टिस संपली की कपड्यांचे ढीग येतात. कपड्यांवर नाव नाही, नुसता नंबर. मोजे उलटे करायचे, गुडघ्यावरचं गवत ब्रशनं काढायचं, मग मशीन. भिंतीपलीकडेच मुलांची कपडे बदलायची खोली. वर जाळी आहे, त्यातून त्यांचा दंगा ऐकू येतो. सगळे मला वहिनी म्हणतात. कॅप्टनला सगळे दादा म्हणतात, कोचसुद्धा. दादा स्वतः कपडे द्यायच्या खिडकीशी आला, छकुलीच्या गालाला बोट लावून म्हणाला की वहिनी, ही आमच्या टीमची गोलकीपर. गोड बोलतो. हसताना डोळे मात्र हसत नाहीत, असं मला उगाच वाटलं.

मावशींनी एकच गोष्ट दोनदा बजावली. ढिगात एक पिवळी जाळीची बंडी येते, ती धुवायची नाही. तशीच नेऊन मुलांच्या खोलीत शेवटच्या खुंटीला अडकवायची. का म्हटलं, तर म्हणाल्या, तुला सांगितलं ना.

छकुली: खिमट सगळं संपवलं. दुपारी टोपलीत छान झोपली.

९ सप्टेंबर, शनिवार

बंडीचं ह्यांना विचारलं तर हसायलाच लागले. टीममध्ये गंमत आहे एक. दर शुक्रवारी सगळे मिळून ठरवतात की आठवडाभर सगळ्यात भिकार कोण खेळला. त्याला ती बंडी. पुढच्या शुक्रवारपर्यंत प्रॅक्टिसला अंगात तीच, आणि तो पिवळ्या. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला पास द्यायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. चुकून घेतलं तर पुढचा नंबर आपला.

सध्या बुटक्या आहे, सलग दुसरा आठवडा. बुटक्या म्हणजे सगळ्यात लहान चणीचा पोरगा, मधल्या फळीत खेळतो. काल त्याच्या बुटात लघवी केली कुणीतरी. परवा अंघोळीला गेला तर बाहेरून कडी लावून सगळे जेवायला निघून गेले. हे सांगताना हसून हसून डोळ्यात पाणी आणत होते. मी म्हटलं, अहो, त्याची आई असेल ना कुठेतरी. तर म्हणाले, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, त्यातूनच माणूस घट्ट होतो. दादाच तसं म्हणतो म्हणे.

मग मीही हसले थोडी. नव्या जागी आहोत, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज खिडकीशी एक म्हातारी आली. हातात पिशवी, पायात वेगवेगळ्या चपला. विचारते, पोरी, माझ्या लेकाचे कपडे आहेत का गं धुवायला? मी म्हटलं, कितवा नंबर? तिला नंबर माहीत नाही. नाव सांगा म्हटलं. ओठ हलवत राहिली नुसते. मग म्हणाली, मी त्याला बाळच म्हणायचे गं जन्मभर. इथेच खेळायचा, डाव्या बाजूला. मागच्या घरात राहायचा.

म्हणजे आमच्या घरात. मी म्हटलं, आजी, तो तर गावी गेला. ती म्हणाली, गाव म्हणजे मीच की. मी तर वाट बघतेय.

तेवढ्यात मावशींनी खिडकी लावून घेतली. म्हणाल्या, वेडी आहे, सारखी येते, हिला लेकच नाही. पण बोलताना खिडकीची कडी दोनदा ओढून बघितली त्यांनी. मला कळत नाही कोण खोटं बोलतंय. टॉवेल तर आहे ना दारामागे.

छकुली: दूध कमी प्यायली. किरकिर.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

मी बंडी धुतली.

सकाळी ढिगात आली ती नुसती घाण नव्हती, घामाने निथळत होती आणि कोमट होती. आता कुणी अंगातून काढावी तशी. आणि वास असा की छकुली टोपलीत ओकली. मावशी आल्या नव्हत्या. मला वाटलं, धुवायची नाही म्हणतात ते रंग सुटतो म्हणून असेल, पिवळा रंग एकदा पांढऱ्या मोज्यांना लागला की जात नाही. म्हणून वेगळी घेतली, गार पाण्यात, हातानं. मळलेलं दिसलं की माझे हात थांबत नाहीत, काय करू.

चार बादल्या पाणी बदललं तरी घाम निघतच होता. पाणी गढूळही होईना, नुसतं खारट. तोंडावर उडालं म्हणून कळलं. शेवटी पिळून उन्हात घातली तर झकास वाळली, हलकी फूल झाली. बुटक्या दाराशी उभा राहून बघत होता. थँक्यू वहिनी म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मग मावशी आल्या. दोरीवर बघितलं आणि एवढंच विचारलं, कुणी बघितलं हे?

१६ सप्टेंबर, शनिवार

काल भिंतीपलीकडे दंगा नव्हता. एकदम चिडीचूप. मग एकटा दादा बोलला. जाळीतून सगळं ऐकू आलं. म्हणाला, बंडी धुतली म्हणजे आधीच्या सगळ्यांचं फिटलं. आता ज्याच्या घरानं धुतली त्याच्या घरी राहील. शुक्रवार-बिक्रवार काही नाही आता.

आणि सगळे हसले. बुटक्याचं हसणं सगळ्यात मोठं होतं.

हे घरी आले ते बंडी घालून. म्हणाले, चार दिवसांची तर गोष्ट. चहा दिला तर कप हातात धरून बसले, प्यायलेच नाहीत.

मी म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, तुला काय माहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१८ सप्टेंबर, सोमवार

ह्यांचे बूट मिळाले कचऱ्याच्या ड्रममध्ये. आत फुटलेल्या काचा. मी दादाला गाठलं, हात जोडले, म्हटलं दादा, धुतली मी, शिक्षा मला द्या. तो छकुलीला गुदगुल्या करत म्हणाला की वहिनी, कुणाबद्दल बोलताय?

थट्टा असेल. त्याचे डोळे मात्र खरोखर विचारत होते.

कोचना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, म्हणाले मुलं आहेत, चालायचंच. मग म्हणाले, कोण म्हणालात?

छकुली: वरणाचं पाणी. झोप नाही.

२० सप्टेंबर, बुधवार

मावशी आज बोलल्या. भांड्यात तोंड घालून बोलावं तसं, हळू. आधीच्या मुलालाही बंडी होती, आठवडे संपले तरी काढली नाही कुणी. मी विचारलं, तो गेला कुठे? त्या म्हणाल्या, कुठे जाणार, दाराबाहेर पडताना कुणी बघितलंच नाही त्याला. मी म्हटलं नाव काय त्याचं? मावशी रडायला लागल्या. रोज त्याचे मोजे उलटे केले गं, म्हणाल्या, आणि नाव येत नाही.

मी ह्यांना सांगितलं, अहो, आजच निघू. पगार गेला खड्ड्यात. हे हो म्हणाले. मग बंडी काढायला गेले.

निघत नाही. कात्री लावली. कात्री चालते, जाळी परत जुळते—

२३ सप्टेंबर, शनिवार

मॅच होती. मी कठड्याशी उभी. आमचे दहाच जण खेळत होते आणि लोकांना काही वाटत नव्हतं. अकरावे हे. डाव्या बाजूला, हात वर करून पास मागत होते. समोरच्या टीमचा एक जण पळत आला, ह्यांना चुकवून गेला नाही. सरळ ह्यांच्यातून—

मी नीट बघितलं नसेल. ऊन होतं.

२५ सप्टेंबर, सोमवार

सामान बांधून फाटकाशी गेलो. चौकीदारानं मला जाऊ दिलं आणि लगेच फाटक लावलं. हे आतच. मी ओरडले, अहो माणूस आहे मागे! तो म्हणाला, बाई, ऊन लागलंय का?

परत आत आले. टाकून कशी जाऊ.

आईला फोन केला. ती म्हणाली, एकटी पोरीला घेऊन किती दिवस तिथे राहशील? मी म्हटलं, एकटी कुठे, तुझे जावईबापू? आई म्हणाली, कोण गं?

नाव सांगणार होते. तोंड उघडलं. मी आजवर अहोच म्हटलंय. लग्नात घेतलं असेल एकदा. आई जावईबापू म्हणायची, बहीण भाऊजी, इथले पिवळ्या. नाव कुणाच्याच—

आठवेल. दमलेय म्हणून.

२६ सप्टेंबर, मंगळवार

छकुली त्यांच्याकडे बघत नाही. मांडीवर ठेवली तर घसरून खाली आली, जशी मांडी नव्हतीच. ते रडत होते. आवाज नव्हता.

२७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी खुर्ची रिकामी. खुर्चीवर ओल.

कामावर गेले. ढिगात बंडी आली. कोमट. जड, लहान मूल उचलावं एवढी.

तेच आहेत ह्यात. मला माहीत आहे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

म्हातारी आली होती. मी खिडकी लावली नाही. तिचा हात धरला. ती म्हणाली, आत शेवटच्या खुंटीपाशी बसलाय गं माझा, मला वास येतो. पण हाक मारल्याशिवाय उठणार नाही, आणि हाक कशी मारू?

मी म्हटलं, उद्या मी बघते.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

बंडी घातली. त्यांना बघायचं तर दुसरा मार्ग नव्हता. छकुलीला टोपलीत ठेवलं, दूध पाजून. सगळे प्रॅक्टिसला गेल्यावर आत गेले.

दिसले. शेवटच्या खुंटीखाली बाक आहे, मला वाटायचं रिकामा आहे. रांगेनं बसलेत. खाली मान. पिवळे सगळे. हे टोकाला. त्यांच्या शेजारी एक, म्हातारीसारखीच हनुवटी.

नाव आठवेना. जिवाच्या आकांतानं अहो म्हटलं.

सगळ्यांनी वर बघितलं.

हे उठले नाहीत. उठता येत नाही. नुसतं दाराकडे बोट केलं, जा म्हणून. छकुलीचं रडणं ऐकू आलं, पळत आले—

आता धुलाईखोलीतच आहे. बंडी निघत नाही. छकुलीला उचलायला जाते तर ती माझ्या आरपार मावशींकडे बघते. मावशींनी घेतलं तिला. इकडेतिकडे बघून विचारतात, अगं बाई, कुणाचं हे लेकरू?

माझं म्हणून ओरडले. मावशी, माझं! दादा आलाय खिडकीशी. तो म्हणतो, फाटकाबाहेर ती म्हातारी बसते ना, तिला देऊन टाका.

नेतायत—

डायरी टोपलीत ठेवते. सापडेल कुणाला. ही छकुली. तिला केळं आवडतं. झोपताना कान धरायला लागतो. तिची आई आहे. ही मी लिहिते आहे, छकुलीची आई. नाही, असं नाही. वहिनी नाही. नाव लिहायला हवं, नुसतं माझं. शाळेत पाटीवर लिहायचे मी, बाई हाक मारायच्या, मी हजर म्हणायचे. बाई म्हणायच्या

माझं नाव