पोस्टरवरच्या मेहुण्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
बांधकाम प्रशिक्षण केंद्र.

विषय : 'तरुणांनो, बांधकामात या' या पोस्टरवरील चुकीचा गवंडी उतरवण्याबाबत.
संदर्भ : बसथांब्यावरील, आपल्या फाटकावरील व अर्जदाराच्या स्वतःच्या घरातील पोस्टर.

महोदय,

१. अर्जदार पेशाने गवंडी आहे. पोस्टरवर हसणारा इसम गवंडी नसून अर्जदाराचा मेहुणा आहे व तो टेम्पो चालवतो. फोटोच्या दिवशी तो कामावर वाळू टाकायला आला होता. आपल्या फोटोग्राफरने अर्जदाराचे सिमेंटने माखलेले तोंड पाहून "हे बघून पोरं येतील की पळतील?" असे उद्गार काढले, आणि अर्जदाराचे हेल्मेट मेहुण्याच्या डोक्यावर व अर्जदाराची गिलाव्याची थापी त्याच्या हातात दिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. थापी त्याने कालथ्यासारखी धरली आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

२. तेव्हापासून गल्लीत मेहुण्याला 'मिस्त्री' म्हणतात. तो वळून बघतोही. मुलीने सदर पोस्टर घरात, अर्जदाराने स्वतः गिलावा केलेल्या भिंतीत खिळे ठोकून लावले आहे. पत्नी येता-जाता भावाच्या तोंडावरची धूळ पुसते. अर्जदाराला पाठ फिरवून जेवावे लागते. अर्जदाराच्या पोटात दुखते, हे तो नाकारत नाही.

३. सबब पोस्टर तत्काळ उतरवावे. ते न जमल्यास प्रवेशाची अंतिम तारीख मेहुण्याच्या तोंडावर चिकटवावी.

४. हा अर्ज इथवर लिहून झाला असता मुलगी येऊन म्हणाली, "बाबा, मी गवंडीकामाला नाव नोंदवलं. मामाचा फोटो बघितला आणि वाटलं, आपल्यालाही जमेल." जन्मापासून बापाचे हात बघणाऱ्या मुलीला मामाच्या हातातली थापी दिसावी, याचे अर्जदाराला फार वाईट वाटले. आनंदही झाला, पण तो मागाहून.

५. सबब कलम ३ मागे घेत आहे. पोस्टर राहू द्यावे, नाहीतर ती विचार बदलायची. मात्र पहिल्या दिवशी नव्या मुलांना 'पोस्टरवरील मिस्त्रीं'च्या हस्ते थापी देणार असल्याचे समजते. बाकीच्यांना मेहुण्याने खुशाल द्यावी, हसून द्यावी. एका मुलीपुरते त्याला बाजूला उभे करावे, एवढे उपकार व्हावेत.

आपला,
पोस्टरवर नसलेला गवंडी

दिनांक : प्रवेश बंद होण्याच्या आधीचा दिवस

सोबत : फोटोतील मूळ थापी, पुराव्यादाखल. (पाहून लगेच परत करावी. मुलीला द्यायची आहे.)