सातव्या मजल्याचं कुलूप

प्रिय ताई,

मी खाली आलो आहे. तुझ्या इमारतीच्या दारात रखवालदाराच्या खुर्चीत बसून लिहितोय, कागदही त्याच्याच वहीतला. फोन का नाही केलास, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. जेवलास का, गुडघा कसा आहे, यातच संपवतेस. तर गुडघ्याचं आधी सांगून टाकतो. डॉक्टरांनी जिने साफ बंद केलेत. सात मजले चढणं आता होणार नाही, आणि तुझ्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही हा माझा नियम तुला ठाऊकच आहे. म्हणजे तुझ्याकडे यायची वाट मीच बंद करून बसलोय.

तो एकच नियम असता तर निभावलं असतं. त्याला पिल्लं झाली. तुझ्या घरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, दारातूनच परत फिरायचं. कामावर लिफ्टचं प्रत्येक कुलूप तीनदा तपासायचं. बरोबरचे लिफ्ट-कारागीर आधी पाठीमागे मला 'तीनदा' म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचं आणि प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की तुकडा न घेता तसंच पुढे द्यायचं. ती भाकर तू भाजतेस. डाव्या हाताची चार बोटं गेल्यावर मनगटानं परात दाबून धरून उजव्या हातानं मळायला शिकलीस, असं भाची सांगते. नऊ वर्षं मी ती भाकर नाकारतोय, आणि तू पुढच्या खेपेला पुन्हा भाजतेस. पाळकसाहेब म्हणतात, नियम पाळून कुणी सुटत नाही, प्रभूची कृपा फुकटच असते, नुसती घ्यायची असते. मी मान डोलावतो. मनात म्हणतो, यांना काय माहीत मी काय केलंय.

ते आता लिहितो. दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून प्रत्येक मजल्याच्या दाराला कुलूप असतं. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी तुझ्या इमारतीच्या तपासणीला आलो तेव्हा मी सहा मजले नीट तपासले. सातव्यावर तू चहाला हाक मारलीस. दमलो होतो. आत आलो, तुझ्या टेबलाशी बसून तपासणीच्या कागदावर सातव्यापुढे 'ठीक' लिहिलं आणि सही ठोकली. कुलपाला हातही लावला नव्हता. चौथ्या दिवशी तू जाळीचं दार सरकवलंस आणि हात दारात असतानाच लिफ्ट निघाली. चौकशीत मी सांगितलं, तपासलं तेव्हा चांगलं होतं, मागाहून बिघडलं असेल. माझ्यावर काही आलं नाही. दवाखान्यात तू म्हणालीस, मी तुझ्यावर काही धरलेलं नाही, तूही धरू नकोस. मला वाटलं, हिला खरं माहीत नाही म्हणून म्हणतेय. खरं कळलं तर माझं तोंडही बघणार नाही. नऊ वर्षं मी हेच धरून चाललो.

आज ताट पुढे दिल्यावर भाचीनं मला बाहेर गाठलं आणि भांडलीच. म्हणाली, मामा, पुरे कर आता. आईनं तुला कुलूप न बघताच 'ठीक' लिहिताना बघितलंय, तुझ्यापुढे कप तीच ठेवत होती. दवाखान्यात ती जे बोलली, ते सगळं माहीत असूनच बोलली. ताई, हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. मग माझ्या नऊ वर्षांचं काय? गुडघे झिजवले ते कुणासाठी? तू पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं होतंस. मी मात्र तुला न विचारता स्वतःला शिक्षा फर्मावली, आणि बघा किती सोसतोय म्हणून मनातल्या मनात थोडा मिरवलोही. हे लिहायची लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना मी तीस वर्षं बाहेरून ओरडून सांगत आलोय, आतून दार ओढू नका, त्यानं कुलूप आणखी घट्ट बसतं, मी बाहेरून उघडतो. कुणी ऐकत नाही. मी तरी कुठे ऐकलं.

रखवालदार हे पत्र घेऊन वर येतोय. तुझं वाचून झालं की त्याला जिन्यातून खाली हाक मारायला सांग, तोवर मी इथेच आहे. मग मी लिफ्टमध्ये शिरेन. आताच घाम फुटलाय, पण शिरेन. सकाळच्या भाकरीचा तुकडा उरला असेल तर ठेव, मी मागतोय. सातव्यावर आलो की आतून दाराला हात लावणार नाही. ते तू उघड, आणि जमलं तर डाव्या हातानं उघड. तो तू नेहमी पदराखाली धरतेस आणि मीही नजर चुकवतो. नऊ वर्षांत मी तो हात एकदाही बघितलेला नाही.

तुझाच, खाली वाट बघत बसलेला,
धाकटा