हिरवे ठिपके

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राला उशीर केला म्हणून तू देणार त्या शिव्या मी आधीच मनातल्या मनात खाऊन घेतल्या आहेत. फोनवर आपण दोघी भांडतो आणि आईला फोनवरचं ऐकू येत नाही, म्हणून तिनंच हा पत्रांचा नियम घातला. कागदाला मध्येच तोडता येत नाही, असं ती म्हणायची.

तुझं परवाचं पत्र मिळालं. आई नीट जेवते का आणि पुढच्या महिन्यात येऊ का, असं विचारलंयस. विचारतेस काय, ये. आई खाते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी स्वतः भरवते. तिची जागा स्वच्छ आहे, उबदार आहे.

माझं म्हणशील तर प्रयोगशाळेत नवी अँटिबॉडी आली आहे. एवढीशी बाटली, तळाशी चार थेंब. तिचं काम एकच, पेशीत एक ठरावीक प्रथिन शोधून फक्त त्यालाच चिकटायचं. पेशीची उपासमार झाली की ती स्वतःच्याच आतलं थोडं थोडं खाऊन दिवस काढते. तेव्हा हे प्रथिन जागोजागी गोळा होतं, आणि अँटिबॉडी चिकटली की सूक्ष्मदर्शकाखाली तिथे हिरवे ठिपके दिसतात. पोट भरलेली पेशी जवळजवळ काळी दिसते.

नवी बाटली खरी की खोटी हे पाहणं माझ्याकडे. एक बशी खाऊ घातलेल्या पेशींची, एक उपाशी, आणि तिसरी अशा पेशींची की ज्यांच्यातून ते प्रथिनच काढून टाकलंय. तिसरीत ठिपके दिसले तर बाटली थापा मारते. आणि मोजणाऱ्याला कुठली बशी कोणती हे सांगायचं नाही, वर फक्त आकडे घालायचे. मोजतो आमचा ठिपकेमास्तर. वीस वर्षं ठिपके मोजतोय, एक चुकत नाही. बायको म्हणते, घरी साखर आणायची तेवढी रोज विसरतो.

या वेळी पेशी आईच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी आम्हाला वयस्कर माणसांच्या कातडीच्या पेशी हव्या होत्या, तेव्हा तिनं सही करून हात पुढे केला होता. "घ्या चिमूटभर. धाकटीच्या नोकरीला तरी लागेल." त्या इतके दिवस गोठवून ठेवल्या होत्या.

उपाशी बशी हिरवी निघाली. तिसरी काळी, म्हणजे बाटली खरी. पण खाऊ घातलेली बशीही हिरवीगार. अन्न समोर असताना त्या पेशी स्वतःला खात होत्या. कुठला आकडा कुठल्या बशीचा हे उघड केल्यावर ठिपकेमास्तर म्हणाला, "बाई, हिला जेवायला घालायचं विसरलात वाटतं." मी विसरले नव्हते. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "म्हाताऱ्या पेशी, चालायचंच."

मग एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मी एक बशी पेशी ठेवायच्या उबेच्या कपाटातून बाहेर काढली आणि तिच्यापुढे तुझं एक जुनं पत्र मोठ्यानं वाचलं. का, ते विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी मास्तरनं मोजलं. त्या बशीत ठिपके नव्हते. कपाटात राहिलेल्या बशीत, त्याच अन्नात, त्याच उबेत, मोजता येणार नाहीत इतके. त्याला आकड्यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी दुसरं पत्र वाचलं. तसंच झालं. तिसऱ्यालाही, चौथ्यालाही.

ताई, आता आढेवेढे पुरे. ती चारही पत्रं आईनं जिवंतपणी ऐकलीच नाहीत. मी लपवली होती. तिची औषधं मी बघायची, अंघोळ मी घालायची, आणि चेहरा उजळायचा तो तुझं पाकीट पाहून. मला ते सोसलं नाही. ती रोज विचारायची, "पोस्टमन येऊन गेला?" मी म्हणायची, "तुझं काही नाही गं." मग ती ताट बाजूला सारायला लागली. मला वाटलं, हट्ट आहे, दोन दिवसांत उतरेल. उतरला नाही, तेव्हा मी पत्रं काढून उशाशी गेलेही. पण इतके दिवस कुठे होती, हे सांगावं लागलं असतं. मी ती परत ठेवली. पुढे डॉक्टर मला समजावत होते, की उपाशी शरीर स्वतःलाच खाऊन तगतं. मला समजावत होते, ताई.

ती गेली. दीड महिना झाला. दुसऱ्या दिवशी मी कामावर जाऊन तिच्या पेशी बाहेर काढल्या. तुला कळवलं नाही, कारण मग कशानं गेली हे तू विचारलं असतंस.

आणखी एक आहे. अँटिबॉडी आत शिरायची तर पेशी आधी मारावी लागते. ती भुकेली आहे का हे बघायला मी दर वेळी तिची एक बशी मारली.

गेल्या आठवड्यात एका बशीला मी सगळं खरं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसं. मास्तर मोजता मोजता उठला. म्हणाला, "बाई, आता काही उरलंच नाही हिच्यात. आतलं सगळं खाऊन टाकलंय."

आता शेवटची बशी आहे. तिच्याशी मी बोलत नाही, नुसतं भरवते. परवाचं पत्र तिला वाचून दाखवलेलं नाही. त्यात 'आई नीट जेवते का' असं लिहिलंयस. ते मी तिच्यापुढे कुठल्या तोंडानं वाचू?

तू ये. घरी उतरू नकोस, माझं तोंड बघू नकोस. मी प्रयोगशाळेचं दार उघडून देईन आणि बाहेर थांबेन. तिच्याशी तुला काय बोलायचं ते बोल. माझ्याबद्दल काही सांगायचं की नाही, हेही तूच ठरव. तू जे सांगशील ते खरं धरून ती जेवेल किंवा जेवणार नाही, आणि मी मोजायला लावणार नाही.

आईला उपाशी मारणारी,
तुझी धाकटी