जळजळीचा पुरावा

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भाऊजींचा खोकला थांबला का, आणि गच्चीतल्या कुंड्यांना यंदा फुलं आली की नुसतीच पानं, हे सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. म्हणजे मी आजारी आहे, पण मजेत आहे. (हे वाचून तू चष्मा कपाळावर सारशील आणि भाऊजींना म्हणशील, "झालं हिचं सुरू." पण जरा थांब. या खेपेला माझ्याकडे पुरावा आहे.)

माझी ती जळजळ तुला ठाऊकच आहे. पोटातून निघून छातीच्या मधोमध चढत घशापर्यंत येते. आत कुणीतरी पेटती काडी घेऊन जिना चढतंय असं वाटतं. घरात प्रत्येकाने तिचं निदान केव्हाच करून टाकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, उपाशी राहतेस. हे म्हणाले, खाल्ल्या खाल्ल्या आडवी होतेस. लेकीने फोनवर शोधून तीन असे भयंकर आजार काढले, की ती स्वतःच घाबरून माझ्या कुशीत येऊन झोपली. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचं म्हणणं, हा एसीचा परिणाम. तो बंद ठेवला तर मला बरं वाटेल आणि वीजही वाचेल. आणि तू फोनवर म्हणालीस, "काही नाही गं, तू मनाला फार लावून घेतेस." बाकीच्यांचं मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. पण तू पडलीस नर्स. उभं आयुष्य वॉर्डात काढलेलं. आपल्या घरी लहानपणी ताप थर्मामीटरमध्ये नसायचाच, तू "आहे" म्हणालीस तर असायचा. त्यामुळे तू नाही म्हटल्यावर माझी जळजळ अगदी पोरकी झाली बघ. व्हायची रोज, पण चोरून आल्यासारखी.

शेवटी गेले डॉक्टरांकडे. छाती म्हटल्यावर त्यांनी आधी हृदयच तपासलं. ते ठणठणीत निघालं. (यांनी ही बातमी सगळ्या नातेवाइकांना अशा अभिमानाने कळवली, की जणू ते त्यांनीच घडवलं होतं.) मग डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी नाश्त्याआधी ही गोळी घ्यायची. काही आठवड्यांत जळजळ थांबली, तर पोटातलं ॲसिड वर येतंय असं धरून चालू. सोपं होतं की नाही? पण मी तेही अवघड करून ठेवलं. तुला माहीत आहे, दुकानात दिवसभर मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असते, "हे बरं की ते बरं?" आणि निम्मी माणसं केवळ मला वाईट वाटू नये म्हणून "हेच बरं" म्हणतात आणि चुकीचा नंबर घेऊन जिन्यावर ठेचकाळतात. त्यांना मी मनातल्या मनात किती नावं ठेवली असतील! पण काही आठवड्यांनी डॉक्टरांनी "फरक पडला?" असं विचारल्यावर त्यांचा तो आशेने भरलेला चेहरा बघून माझ्याच तोंडून निघालं, "हो, अर्धं बरं वाटतं."

"अर्धं म्हणजे?"

"म्हणजे... तुमची गोळी चांगली आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, गोळी माझी नाही. तिला वाईट वाटणार नाही. खरं सांगा."

खरं मलाच सांगता येईना, म्हणून दुर्बीण घालायचं ठरलं. घशात कडू फवारा मारून, झोपेचं औषध देऊन त्यांनी आत पाहिलं, तर कुठे जखम नाही, सूज नाही, सगळं लख्ख. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "बघ, आतून किती स्वच्छ आहेस!" आणि ताई, मी रडकुंडीला आले. माणूस स्वच्छ निघाल्यावर रडतं का? पण मला वाटलं, संपलं. आता सगळे म्हणणार, हिला काही झालेलंच नाही. डॉक्टरांना माझा चेहरा कळला असावा. ते म्हणाले, "आतून स्वच्छ दिसणाऱ्या पुष्कळांना हा आजार असतो. नक्की काय ते एका तपासणीत कळेल." मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले.

तपासणी अशी. आधी काही दिवस गोळ्या बंद. मग नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात, गालावर चिकटपट्टीने चिकटवतात, कानामागून खाली आणतात आणि कमरेच्या पट्ट्यावरच्या डबीला जोडतात. एक दिवस ती तशीच बाळगायची. ॲसिड वर आलं की डबी आपली आपण टिपते, आणि आपल्याला जळजळ वाटली की आपण डबीवरचं बटण दाबायचं. दोन्हींची वेळ जुळली, की काम फत्ते! नळी बसवणाऱ्या बाई फार मोकळ्या होत्या. म्हणाल्या, "रोजच्यासारखं वागा हं. रोजचं खा, रोजचं काम करा, भांडत असाल तर भांडा. पथ्याने राहिलात तर यंत्राला काय सापडणार, कपाळ?" मी म्हटलं, त्याची काळजी नको, आमच्याकडे सगळं रोजच्या रोज असतं.

तर मी अशी सोंड लावून घरी आले. सासूबाईंनी डबी पाहिली, तिचा लुकलुकणारा हिरवा दिवा पाहिला, आणि मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "हे आपलं बोलणं सगळं डॉक्टरांना ऐकू जातं का गं?" मी "नाही हो, हे फक्त ॲसिड मोजतं" असं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतल्या खोलीत हरवलेल्या मोज्यावरून आरडाओरडा करणारे हे एकदम गप्प झाले. दाराशी आले आणि डबीकडे बघत मऊ आवाजात म्हणाले, "तुला सवड झाली की जरा मोजा बघशील का? घाई काहीच नाही."

मी तोंड मिटलं.

ताई, काय दिवस होता म्हणून सांगू! यांनी स्वतःच्या चहाचा कप विसळला. लेकीने खोलीचं दार न आपटता लावलं. मला वाटलं, ती घरातच नाही. दुकानात गेले, तर यांनी आधीच मालकांना फोन करून सावध केलेलं. मालक काउंटरवर वाकले आणि माझ्या कमरेशी तोंड नेऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्याकडे कर्मचाऱ्यांना भरपूर विश्रांती मिळते!" मग एसी लावून त्यांनी मला दुपारीच घरी पाठवलं. (एक गिऱ्हाईक चष्मा परत करायला भांडत आलं होतं. मालकांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ते डबीला "माफ करा" म्हणून निघून गेलं.) घरी सासूबाईंनी माझ्या आवडीचं सगळं रांधलेलं. दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. मी पुरे म्हटलं तर मोठ्याने म्हणाल्या, "नको कसं? सुनेला उपाशी ठेवते असं कुणाला वाटायला नको!" मग पडदे ओढून मला सक्तीने झोपवलं. आयुष्यात इतकी गाढ झोपले नसेन.

संध्याकाळी उठले आणि धस्स झालं. बटणाला माझं बोटसुद्धा लागलं नव्हतं! सबंध दिवसात एक जळजळ नाही. रोज छळणारी बया, नेमकी साक्षीच्या दिवशी तोंड लपवून बसली. उद्या डॉक्टर म्हणणार, बाई, तुम्हाला काही नाही. मग मी मुद्दामच भांडण उकरायला घेतलं. यांना म्हटलं, "तुमच्या मित्राचं अख्खं कुटुंब जेवायला बोलावलंत, तेव्हा मला विचारलं होतं का?" एरवी या विषयावर आमची दोन दिवसांची बेगमी होते. तर हे खाली वाकले आणि शब्द न् शब्द सुटा करून डबीला म्हणाले, "चूक माझीच होती." लेक म्हणाली, "बाबा, आता हे रेकॉर्ड झालं. नंतर फिरवता येणार नाही." हसून हसून माझी पुरेवाट झाली. जळजळ मात्र नाहीच.

आणि तेवढ्यात तुझा फोन आला. फोन यांनी घेतला आणि आधी तुलाही बजावलं, "यंत्र चालू आहे हं, जपून बोला." मग मी घेतला. तू म्हणालीस, "खूप होतो ना गं त्रास? मी आपलं हसण्यावारी नेत राहिले." एवढंच. आणि ताई, पोटापासून घशापर्यंत असा काही लोळ उठला, की डोळ्यांत पाणी आलं. मी बटण दाबलं. एकदा दाबून समाधान होईना, म्हणून दाबतच राहिले. तुला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, कारण एका हातात फोन होता आणि दुसरा हात बटणावर.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली, डबी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी संगणकावर बराच वेळ बघितलं, मान एकदा इकडे हलवली, एकदा तिकडे. म्हणाले, "दुपारी काय करत होता?" म्हटलं, "तुडुंब जेवून आडवी झाले होते." म्हणाले, "तेव्हा ॲसिड घशापर्यंत आलंय. हे नॉर्मल नाही. तुम्हाला रिफ्लक्सचा, म्हणजे ॲसिड वर येण्याचा आजार आहे, नक्की." मी खुर्चीतून उठून उभीच राहिले! (म्हणजे यांचं निदान बरोबर होतं. ते त्यांना कळवण्याची गरज नाही.) पण डॉक्टर म्हणाले, "बसा. गंमत पुढे आहे. ॲसिड आलं तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही. आणि तुम्ही जे टाहो फोडल्यासारखं बटण दाबलंय, तेव्हा आत ॲसिडचा थेंब नाही." म्हणजे ऐक ताई: आजार मला आहे, पण त्याचा मला त्रास नाही, आणि त्रास मला आहे, पण तो त्या आजाराचा नाही! डॉक्टर म्हणाले, असंही असतं, एकाच माणसात दोन्ही नांदतात. अन्ननलिका हळवी असली की ॲसिडवाचूनही जळतं, आणि ते जळणं खोटं नसतं. हे शेवटचं मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. आता गोळी सुरू, उशाकडून पलंग उंच, जेवून लगेच आडवं होणं बंद, आणि हळवेपणासाठी वेगळं औषध.

उठताना त्यांनी सहज विचारलं, "संध्याकाळी काय झालं होतं? कुणाशी भांडण?"

"नाही हो. बहिणीचा फोन होता. ती माझ्याशी चांगलं बोलली."

डॉक्टर म्हणाले, "ते आमच्या यंत्रात येत नाही."

असो. भाऊजींना नमस्कार सांग. प्रकृतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. डबी दवाखान्यात परत गेली, पण घरी मी "तपासणी वाढवलीय" असं सांगितलंय आणि दुकानातलं एक रिकामं काळं चष्म्याचं घर पट्ट्याला लावून हिंडते. सासूबाईंनी काल विचारलं, "नळी कुठे गेली गं?" म्हटलं, आता बिनतारी आलंय. तर तू कुणाला काही बोलू नकोस, निदान यांची कप विसळायची सवय पक्की होईपर्यंत.

ता. क. दुसरा. एवढं सगळं लिहिलं ते खरं तर एकच विचारण्यासाठी. तू इतकी वर्षं वॉर्डात होतीस. अशा नळ्या तूच किती जणांना बसवल्या असशील. त्या डबीला काही ऐकू येत नाही, हे आमच्या यांना ठाऊक नसेल, पण तुला ठाऊक नव्हतं असं कसं होईल? मग तू ते "खूप होतो ना गं त्रास" कुणाला ऐकवायला म्हणालीस? उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर सांगितलंस तर मला पुन्हा जळजळेल, आणि आता दाबायला बटण नाही.