मोजून पाठ केलेला रस्ता

नाशिक
दि. ८ नोव्हेंबर २०२४

चि. धर्मेंद्र यास,
हंसाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं भाऊबीजेचं पत्र पोचलं. जसोदाने दिलेले ज्वारीचे बिबडेही पोचले. दोन तळले आणि घरभर आपल्या गावचा, कळसाडीचा वास झाला. माझे कान आता नावालाच उरलेत. नवं यंत्र घातलं तरी फोनमधून नुसती घरघर येते आणि तुझा मोबाईल नुसता बोलण्यापुरता, म्हणून तुला या वयात पुन्हा पत्रं लिहायला लावलं. तू कुरकुर न करता लिहितोस याचं कौतुक आहे. पण अक्षराचं काय झालं रे? ओळीवर ओळ चढली होती आणि पत्ता पाकिटावरून खाली उतरायच्या बेतात होता. शाळेची पोरं व्हॅनमध्ये बसवून मांडीवर कागद ठेवून लिहिलंस की काय? साखर तपासतोस ना? डोळे दाखवलेस का?

परवा माझ्या धीरजने टीव्हीवर खेळायचा महागडा गेम आणला. मला आपला आठवला. काकांनी सुरतेहून आणलेला, खड्डे ओलांडत उजवीकडे पळणाऱ्या बुटक्या माणसाचा. मी कॉन्व्हेंटात नववीला, तू पाचवीत. आणि आपला तो ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याची उजवी बाजू सहा महिन्यांत काळी पडली. खड्डा दिसेपर्यंत माणूस त्यात पडलेला असायचा. आबा म्हणाले, बातम्या देणाऱ्याचं तोंड दिसतंय ना, मग दुरुस्ती कशाला? मग मी सुट्टीभर बसून वहीत मोजून लिहिलं. सात, उडी. अकरा, उडी. चार, उडी. मी मागे बसून सिस्टरांच्या कडक आवाजात वन टू थ्री म्हणायचे आणि तू डोळे मिटूनसुद्धा उड्या मारायचास.

गेमने पोरं वाया जातात म्हणतात. मला तर त्यानेच तारलं. धीरजचे बाबा गेले त्या वर्षी पुढचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तेव्हा मोजत गेले. आज पाणी भरायचं, उद्या धीरजला शाळेत सोडायचं, परवा वेळ मिळाला तर रडायचं. दिसत नाही म्हणून थांबायचं नाही, पाठ आहे तेवढं चालायचं. एवढंच मी त्या काळ्या पडद्यापाशी शिकले. तूही शिकलास.

मयूरीला सांग, तुझी आत्या, तुझी फुई म्हणते बापाच्या हाताला वळण लाव. जसोदाला आशीर्वाद. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हंसाताई

•

कळसाडी
दि. १९ नोव्हेंबर २०२४

ती. हंसाताईस,
धर्मेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जाड स्केचपेनने लिहितोय, हसू नको. भर उन्हात ओट्यावर बसलोय. तू विचारलंस म्हणून फक्त तुला सांगतो. मन्हा डावा डोया गया, ताई. पोळ्यापासून त्याने काहीच दिसत नाही. उजव्यात धूर भरल्यासारखा वाटतो आणि मध्येच काळे धागे फिरतात. साखरेने आत रक्त उतरलंय. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, लगेच सुरतेला जाऊन ऑपरेशन केलं तर उजवा वाचेल. मी म्हणालो, मार्चनंतर बघू. परीक्षा होईतो पोरांना शाळेत कोण नेणार? पंधरा वर्षांत माझी गाडी शाळेच्या घंटेला एकदाही चुकली नाही. गाडी सुटली तर मी ओट्यावर बसून माशा मारू का?

खरं सांगू, दिवाळीनंतर चावी जसोदाच्या हातात द्यायची आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. तेवढ्यात तुझं पत्र आलं. वाचायला दोन दिवस लागले, पण उभारी आली. मनात म्हटलं, ताईचं खरं आहे, आपण पडदा काळा असताना खेळलेली माणसं. आता मी रस्ता मोजतो. घरापासून निंबापर्यंत बावीस, निंबापासून मोरीपर्यंत चौऱ्याऐंशी, मग डावीकडे वळण. वेग तीसचा, एकसारखा ठेवतो. जवळचं थोडं दिसतं, लांबचं पाठ आहे. जसोदा म्हणते, तुमनं ध्यान कोठे शे, जेवताना बी पुटपुटत ऱ्हातस. मी म्हणतो हनुमान चालिसा म्हणतोय. तिला बरं वाटतं.

मयूरीला यातलं काही कळू देऊ नको. तुला माझी आण आहे. लहानपणी माझ्या खोड्या तू आबांना कधी सांगितल्या नाहीस, आताही सांगू नको. धाकट्यावर नजर असू दे.

तुझा,
धर्मू

•

नाशिक
दि. २६ नोव्हेंबर २०२४

चि. धर्मूस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. तेव्हापासून उशाशी ठेवलंय आणि कुणाशी काही बोलले नाही. मोठ्या अक्षरात लिहिते, सावकाश वाच.

आजच्या आज गाडी थांबव. मी मागे लिहिलं ते विसरून जा. ते माझ्या दुःखाबद्दल होतं, गाडीबद्दल नव्हतं. गेमच्या कॅसेटमधले खड्डे कॅसेटमध्ये कायमचे बसवलेले असतात. आज लावली तरी सातव्याच पावलाला खड्डा येईल. रस्त्यावर बैल बसतो, पोर धावत येतं, कारखान्याला निघालेली उसाची ट्रॉली मध्येच उभी राहते. आणि गेममध्ये पडलो की आपण एकमेकांना दोन शिव्या देऊन पहिल्यापासून सुरू करायचो. इथे तुझ्या गाडीत अकरा लेकरं बसलेली असतात, धर्मू.

चावी जसोदाला दे आणि तिला तूच सांग. तुझ्या तोंडून कळलं तर ती सोसेल. मोबाईल माझ्या हातात आहे. मयूरीला दोन ओळी लिहिल्या तर आत्ता पोचतील. पण तू आण घातलीस. म्हणून रविवारपर्यंत थांबते. सोमवारी मात्र मी कळवणार, मग तू जन्मभर अबोला धर.

सुरतेला मी सोबत येईन. मला डॉक्टरांचं बोलणं ऐकू येणार नाही, तुला त्यांचा कागद दिसणार नाही. दोघं मिळून एका माणसाएवढं काम करू. रागावलास तरी तोडून टाकू नकोस.

तुझी,
ताई

•

कळसाडी
दि. २ डिसेंबर २०२४

ती. हंसाफुईस,
मयूरीचा सा. न. वि. वि.

अपघात झाल्याचं मोबाईलवर कळवलंच होतं. हे पत्र वेगळ्या कारणाने लिहिते. मोबाईलवर चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं.

गुरुवारी सकाळी निंबाच्या पुढे उसाची ट्रॉली चाक निखळून रस्त्यात उभी होती. पप्पांनी ब्रेक लावलाच नाही. बाकीची मुलं खरचटण्यावर निभावली. पुढच्या सीटवर वेल्डिंगवाल्या वसीमभाईंची आफशीन होती, दुसरीतली. तिची उजवी मांडी मोडली. आत सळई घातली आहे. चालेल म्हणतात, पण पाय आखूड राहील का ते आत्ता सांगता येत नाही. पप्पांच्या कपाळाला सात टाके पडले. उजव्या डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं. आता दिवा लावला की विझवला एवढंच त्यांना कळतं. डॉक्टर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, फार उशीर केलात.

पप्पांनी पोलिसांना सांगितलं, समोरून डोळ्यांवर ऊन आलं. मम्मीनेही तेच सांगितलं, कारण तिला तेच माहीत होतं. शनिवारी तुमचं पत्र आलं. पप्पांना वाचता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचायला घेतलं. मम्मी तिथेच कणीक मळत होती. आजच्या आज गाडी थांबव, इथे मी अडखळले आणि पुढचं मनात वाचलं. मम्मीने विचारलं, गाडीचं काय? मी म्हटलं, फुईंना काळजी वाटते.

त्याच संध्याकाळी आफशीनच्या आजी, हाजराबी आल्या. त्या भांडल्या नाहीत. मम्मीने दिलेलं पाणीही प्यायल्या. एवढंच म्हणाल्या की पोरगी दवाखान्यात झोपेत आकडे म्हणते. काका रोज गाडीत मोठ्याने आकडे म्हणायचे, मग पोरंही त्यांच्याबरोबर म्हणायची. चौऱ्याऐंशी झाले की सगळी मिळून ओरडायची, वळण आलं. पोरांना तो खेळ वाटायचा. हाजराबींनी पप्पांना विचारलं, ते आकडे कसले होते? पप्पा भिंतीकडे तोंड करून बसले.

फुई, तुम्हाला त्याच्या आधीच्या शनिवारीच कळलं होतं. अपघात गुरुवारी झाला. मध्ये पाच दिवस होते आणि माझा नंबर तुमच्याकडे आहे. दर रविवारी तुम्ही मला फुलांचे फोटो पाठवता. त्या रविवारीही पाठवला होता. मला तुमच्यावर ओरडायचं आहे, पण तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून लिहिलं.

तुमचं पत्र मी माझ्या पुस्तकात लपवलं आहे. पुढे काय करायचं ते मला कळत नाही. नमस्कार तर आहेच.

मयूरी

•

नाशिक
दि. ५ डिसेंबर २०२४

चि. मयूरीस,
फुईचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर. वि. वि.

हो, मला माहीत होतं. शनिवारी दुपारी पत्र आलं, तेव्हापासून. पाच दिवस मी भावाच्या शपथेचा मान राखत बसले आणि त्याला माया समजले. खरं कारण तुला सांगते. तुला कळवलं असतं तर त्याने मला पत्र लिहायचं बंद केलं असतं, याची मला भीती वाटली. ऐकू न येणाऱ्या बाईपाशी बोलणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. याहून मोठं कारण नव्हतं, बेटा. असतं तर तुझ्यासमोर उभं राहणं जरा सोपं गेलं असतं.

आणि आकडे त्याला मी शिकवले. आमच्या लहानपणी एका बिघडलेल्या टीव्हीवर आम्ही गेम खेळायचो, तेव्हा. या दिवाळीनंतर तो चावी तुझ्या मम्मीला देणार होता. मी पत्रात त्या गेमच्या गोड आठवणी लिहिल्या, न दिसणारं मोजून पार करायचं असतं असं लिहिलं, आणि त्याने चावी खिशातच ठेवली. हे मी त्याला वाचवायला म्हणत नाही. त्याने स्वतःच्या हाताने तसं लिहिलेलं पत्र माझ्याकडे आहे. ते घेऊन येते.

सोमवारच्या शहाद्याच्या बसने निघते. आधी तुमच्या घरी येणार नाही. वसीमभाईंकडे जाईन आणि आकडे कसले होते ते हाजराबींना सांगेन. त्या काय बोलतील ते मला ऐकू येणार नाही, म्हणून तू वही घेऊन सोबत ये आणि एकही शब्द न गाळता मला लिहून दे. माझी कीव येऊन काही सौम्य करू नकोस. तिथून पोलीस ठाण्यात जाऊ. डोळ्यांवर ऊन आलं नव्हतं, हे मी सांगणार आहे. त्यामुळे पप्पांवरचा गुन्हा वाढेल, हे मला कळतं. तुझी मम्मी मला दारात उभी करणार नाही, हेही कळतं. स्टँडजवळ खोली बघून ठेवली आहे.

पुस्तकातलं पत्र काढ. मम्मीला शेवटपर्यंत वाचून दाखव. मग हे वाच, पप्पांना ऐकू जाईल अशा जागी बसून. तो उठून जायला लागला तर हात धरून ओट्यापर्यंत सोड, पायरीपाशी तोल जाईल त्याचा. मग परत येऊन उरलेलं वाच.

लोभ ठेवायचा की नाही, ते आफशीन उभी राहिल्यावर ठरव.

तुझी,
हंसाफुई