पुसलेल्या पाच ओळी

३ मार्च
धाकटीने घर घेतलं. माझ्याआधी. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, शाळेत असताना तिच्या वेण्या मी घालायचे — आणि तिला दोन बाल्कन्या. आम्ही अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत. आईने दिवसभरात चारदा फोन केला. ‘बघ, लहान असून कसं जमवलं.’ मी म्हटलं, हो ना, छानच. दुकानात एका गिऱ्हाईकाच्या चष्म्याच्या दोन्ही काचा तिरक्या घासल्या. मालक ओरडला.

७ मार्च
तिने फोटो पाठवले, फक्त बाल्कनीचे. खिडकीला पडदे नाहीत. आतलं सगळं लोकांना दिसावं म्हणून मुद्दाम लावले नसतील. बघायला कधी येऊ विचारलं, तर ‘थांब ना ताई, अजून आवरायचंय.’ आला तोरा! माझ्या पोटात दुखतंय, हे मला कळतं. इथे लिहायला काय हरकत आहे?

११ मार्च
आम्हीही एक बघितलं. रंगाच्या दुकानावर तिसरा मजला, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. मालकीण निवृत्त नर्स, बोलायला सरळ. चाळीस लाख. बत्तीस बँक देईल, आठ आमचे. आठ आहेत! वर नव्वद हजारही आहेत. यादी करून फ्रिजवर लावली: आमचा वाटा, सामान हलवणं, रंग, पडदे. पडदे जाड घेणार, अस्तरवाले. कागदपत्रांचा खर्च कर्जातच धरतात, असं ह्यांना ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलंय.

१४ मार्च
धाकटी आली होती. मी चहा करेपर्यंत फ्रिजसमोर उभी. गेल्यावर बघते तर माझ्या यादीखाली तिच्या अक्षरात, पेन्सिलीने पाच ओळी: मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, बँकेची फी, सोसायटीत नाव चढवणं. पुढे आकडे आणि खाली बेरीज, तीन लाख पाच हजार. कोणी विचारलं होतं? स्वतःचं घर झालं की नाकाने कांदे सोलायचा परवानाही मिळतो वाटतं. मुलीचं खोडरबर घेतलं आणि सगळं पुसून टाकलं. ह्यांनी विचारलं, काय घासतेस? म्हटलं, तेलाचा डाग.

२० मार्च
टोकन दिलं. आठातलंच एक लाख. पंधरा एप्रिलपर्यंत नोंदणी झाली नाही तर ते बुडालं. आईला मीच फोन केला, दोनदा.

२ एप्रिल
वकिलाकडे गेलो. त्याने कागद पुढे सरकवला. त्याच पाच ओळी, क्रमही जवळपास तोच. तीन लाख बारा हजार. ह्यांनी विचारलं, कर्जात धरत नाहीत? तो म्हणाला, ‘हे तुमच्या खिशातून. आधी कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?’
मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. रंग सोडला, पडदे सोडले, तरी सव्वादोन लाख कमी. टोकन द्यायच्या आधी सहा दिवस हे सगळं माझ्या फ्रिजवर होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी आल्यावर ह्यांना तेलाच्या डागाचं खरं सांगितलं. ते ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन जेवले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं.

३ एप्रिल
धाकटीकडे जाणार नाही. मेले तरी.

५ एप्रिल
गेले. नाक मुठीत धरून, फोनही न करता.
दार अर्धंच उघडून उभी राहिली. मग बाजूला झाली. दोन बाल्कन्या आहेत, खऱ्या. बाकी काही नाही. चटई, दोन गाद्या, खोक्यावर शेगडी, वायरला लोंबणारा दिवा. खुर्ची एकही नाही. मला रंगाच्या उपड्या डब्यावर बसवलं, स्वतः भिंतीला टेकून उभी. गाडी विकली, दोघंही कामावर चालत जातात. आईने दिलेल्या बांगड्या हातात नाहीत. आईला माहीत नाही. तिलाही वकिलाच्या टेबलावरच कळलं होतं, ऐनवेळी. ‘मला कोणी लिहून दिलं नव्हतं ताई. म्हणून तुझ्या यादीत लिहिलं.’
मी पुसल्याचं सांगितलं. ती म्हणाली, ‘चहा घेशील? कप एकच आहे, आधी तू घे.’

६ एप्रिल
ती माझ्याबरोबर मालकिणीकडे आली. सगळं तीच बोलली. मालकिणीने जूनअखेरपर्यंत मुदत दिली, तसं लिहूनही दिलं. मुलीच्या नावाची ठेव जूनमध्ये सुटते. ती यात घालणार. पडदे नाहीत.

७ एप्रिल
काल परत येताना तिला विचारलं होतं, इतके दिवस घरी का बोलावलं नाहीस?
‘तू हसशील म्हणून.’
नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हसले असते मी.